लेबरकेझंत ना लिव्हर, ना चीज

तुम्ही विचारलंय : "म्युनिकच्या कँटीनमध्ये लेबरकेझं मिळतं. लेबर म्हणजे लिव्हर, केझं म्हणजे चीज. लिव्हर न घातलेलं मागितलं तर शाकाहारी माणसाला चालेल ना?"

अहो, अजिबात नको! बारा वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं.

नवीन आलेल्यांना मदत करणारं एक कार्यालय होतं, नाव घेत नाही. तिथे मी विचारलं, "यात लिव्हर असतं का?" बाई हसून म्हणाल्या, "छे, लिव्हर नसतं." उत्तर शंभर टक्के खरं, प्रश्न माझाच चुकला. उरलं ते चीज, असं धरून तीन गुरुवार मी ती गुलाबी, वरून खरपूस वडी पावात घालून, गोड मोहरी लावून खाल्ली. मांसाची चवच माहीत नाही, तर कळणार कशी? चौथ्या आठवड्यात खाटकाच्या दुकानाच्या काचेमागे तीच वडी दिसली. वर तक्रार केली, तर त्याच कार्यालयाचं उत्तर : आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं होतं. अजून डोकं फिरतं.

असतं काय, तर गाय-डुकराचं मांस, चरबी आणि बर्फ अगदी लोण्यासारखं वाटून साच्यात भाजलेलं. 'केझं' आलं ते आकारावरून, चीजच्या ठोकळ्यासारखं दिसतं म्हणून. आपल्या गुलाबजामात तरी जाम कुठे असतो? 'लेबर' हे 'लाइब' म्हणजे पावाचा गोळा यावरून आलं, असं एक मत आहे. मी भाषातज्ज्ञ नाही, पण मला ते पटतं. गंमत म्हणजे 'बायरिशर', म्हणजे म्युनिक ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियाच्या, लेबरकेझंत लिव्हर लागत नाही. पण जर्मनीत इतरत्र नुसतं 'लेबरकेझं' म्हणून विकायचं तर लिव्हर असावंच लागतं, नाहीतर 'फ्लाइशकेझं' म्हणतात ('फ्लाइश' म्हणजे मांस).

'फ्लाइशफ्लान्त्सर्ल'लाही फसू नका. 'फ्लान्त्सं' म्हणजे रोप, पण इथे रोपाचा काही संबंध नाही. मूळ शब्द 'फान्त्सेल्टन', म्हणजे तव्यावरची चपटी टिक्की, आणि ती खिम्याची.

चीजच खायचं असेल तर 'ओबाट्स्डा' घ्या. कॅमेम्बेर (एक मऊ चीज), लोणी, पाप्रिका, कांदा कालवून केलेलं. नावाचा अर्थच 'कालवलेलं'. रेनेट (चीजसाठी दूध फाडायला वापरतात ते, बहुधा वासराच्या पोटातलं) चालत नसेल तर मात्र आधी चौकशी करा. आणि "फ्लाइश नको" एवढ्यावर थांबू नका. एवढं सांगूनही मला एकदा श्पेकचे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे, तुकडे घातलेलं श्पेट्झलं (नूडल्ससारखा पदार्थ) आलं होतं. सरळ "फेगेटारिश?", म्हणजे "शाकाहारी आहे का?", असं विचारा.