जाहिरातीची नोटीस आली म्हणून संघाला मानधन अडवता येते का?

प्रश्न : मी एका व्यावसायिक लीगमध्ये खेळतो. हंगामाचे मानधन १२ लाख रुपये ठरले होते. सही झाल्यावर ४० टक्क्यांचा हप्ता मिळाला, टीडीएस वजा जाता ४ लाख ३२ हजार रुपये खात्यात आले. सगळे सामने खेळलो, तरी बाकीचे पैसे अडले आहेत. मधल्या काळात मी एका प्रोटीन पावडरची जाहिरात केली. "२१ दिवसांत ४ किलो स्नायू" हे कंपनीने लिहून दिलेले वाक्य मी कॅमेऱ्यासमोर म्हटले. आता केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ दिवसांत खुलासा मागितला आहे. संघ म्हणतो, तुझ्यामुळे बदनामी झाली, बाकी रक्कम जप्त. कंपनी फोन उचलत नाही. काय करू?

उत्तर : आधी नोटीस, मग मानधन. मानधनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, नोटिशीला पंधराच दिवस आहेत. शिवाय नोटिशीच्या उत्तरात तुम्ही जे लिहाल, तेच उद्या संघ तुमच्याविरुद्ध वापरेल.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाइतकाच जाहिरात करणाराही जबाबदार धरला जातो. पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत. त्याशिवाय कोणत्याही वस्तूची जाहिरात करायला १ वर्षापर्यंत आणि पुन्हा घडल्यास ३ वर्षांपर्यंत बंदी घालता येते. बचावाची वाट त्याच कलमात आहे : दाव्याच्या खरेपणाची योग्य ती शहानिशा केली असेल, तर जाहिरात करणाऱ्याला दंडही होत नाही आणि बंदीही लागत नाही.

म्हणूनच "मला काही ठाऊक नव्हते, दिलेले वाक्य वाचले" असा खुलासा पाठवू नका. बहुतेक खेळाडू हेच लिहितात आणि शहानिशा केली नसल्याची कबुली स्वतःच्या सहीने देतात. चित्रीकरणापूर्वी कंपनीला चाचणी अहवाल मागितला होता का? प्रशिक्षकाला किंवा आहारतज्ज्ञाला विचारले होते का? असे मेल, व्हॉट्सॲप संदेश, कंपनीची उत्तरे तारखेनुसार लावा. काहीच नसेल तर मागच्या तारखेचा कागद तयार करू नका. मेलची खरी तारीख तपासात निघते आणि दंडाच्या प्रकरणाचे बनावट पुराव्याचे प्रकरण होते. तेव्हा भर दुसरीकडे द्या. जाहिरात किती दिवस चालली, किती लोकांपर्यंत गेली, हे दंड ठरवताना पाहिले जाते. पहिलीच वेळ आहे आणि नोटीस मिळताच जाहिरात उतरवली, हेही लिहा.

उतरवण्याआधी मात्र पोस्टचा पत्ता, तारीख, प्रेक्षकसंख्या आणि मूळ व्हिडिओ जपून ठेवा. पैसे घेऊन केलेली जाहिरात आहे हे पोस्टमध्ये ठळक दिसत होते का, तेही पाहा. शेवटच्या हॅशटॅगांच्या गर्दीत लपवलेली सूचना पुरत नाही. कागद जमवायला वेळ लागणार असेल तर मुदतवाढ मुदत संपण्याआधी लेखी मागा आणि सुनावणीचीही मागणी करा. आदेश विरोधात गेला, तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे अपील करता येते. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली १० लाखांपर्यंतचा वेगळा दंडही आहे, म्हणून खुलाशातला प्रत्येक शब्द तोलून लिहा.

एक धोका खेळाडूंच्या लक्षात येत नाही. "मी स्वतः ही पावडर घेतो" हे विधान इथे उपयोगी पडते, पण उत्तेजकविरोधी नियमांत शरीरात सापडलेल्या प्रत्येक द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. पावडरीत भेसळ निघाली तर काही द्रव्यांसाठी मूळ शिक्षा ४ वर्षांपर्यंत जाते. डब्यावरचा अन्न परवाना क्रमांक भेसळ नसल्याची हमी देत नाही. पावडर घेत असाल तर आजच थांबवा. वापरलेला डबा, त्याच बॅचचा एक सीलबंद डबा आणि बिल जपून ठेवा. घेत नसाल, तर घेतो असे खोटे लिहू नका.

कंपनीला फोन करणे बंद करा. करारात तुमचे नुकसान भरून देण्याचे कलम असेल, तर बहुधा ठरावीक दिवसांत लेखी कळवण्याची अट असते. नोटिशीची प्रत जोडून आजच मेल आणि रजिस्टर पोस्टाने कळवा, दाव्यामागचे अहवालही मागा. कंपनीने पैसे भरून दिले तरी बंदी तुमच्याच नावावर राहते, हे ध्यानात ठेवा.

आता मानधन. नोटीस म्हणजे दोषी ठरवणारा निकाल नाही. करारातले बदनामीचे कलम पुन्हा वाचा : कारणे दाखवा नोटीस द्यायची आहे का, तुमचे म्हणणे ऐकायचे आहे का, दंडाला कमाल मर्यादा आहे का? करारभंग झाला असे धरले, तरी भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मिळते. करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. सामने खेळून कमावलेले ७ लाख २० हजार सरसकट जप्त करणे त्यात सहजी बसत नाही. संघाची खरी ताकद वेगळ्या कलमात असू शकते : वैयक्तिक जाहिरातीसाठी संघाची लेखी परवानगी लागत होती का? लागत असूनही घेतली नसेल, तर तडजोडीत थोडे सोडावे लागेल, हे मी आधीच सांगतो.

आयकर पोर्टलवर फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता, उघडा. मिळालेल्या हप्त्यापोटी ४८ हजारांचा टीडीएस दिसायला हवा. १ लाख २० हजार दिसत असतील तर तुमच्या फायद्याचे आहे : पूर्ण १२ लाख देणे आहेत, असे संघाने स्वतःच्या हिशेबात धरल्याचा तो भक्कम पुरावा ठरतो. ते पान लगेच उतरवून घ्या.

नंतर वकिलामार्फत मागणीची नोटीस पाठवा : प्रत्येक हप्त्याची देय तारीख, रक्कम, व्याज आणि १५ दिवसांची मुदत. करारात लवादाचे कलम असेल तर त्याच नोटिशीत लवादाची मागणी करा, कारण ती संघाला मिळेल त्या दिवशी लवादाची कार्यवाही सुरू झाली असे कायदा मानतो. तीन वर्षे प्रत्येक हप्त्याच्या देय तारखेपासून स्वतंत्र मोजली जातात. तोंडी आश्वासनांनी ती वाढत नाहीत. मुदतीच्या आत लेखी, सहीची कबुली मिळाली तरच मोजणी नव्याने सुरू होते. तोवर संघाविरुद्ध समाजमाध्यमांवर एक ओळही लिहू नका, नाहीतर बदनामीचे कलम लावायला तुम्हीच नवे कारण द्याल.

पुढच्या हंगामासाठी ना हरकत पत्र हवे तर "काही येणे नाही" यावर सही कर, असे संघ म्हणेल. करू नका. करार संपल्यानंतरही खेळाडूला बांधून ठेवणारी अट सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये, झहीर खानच्या जाहिरात करारावरील वादात, करार कायद्याच्या कलम २७ खाली निरर्थक ठरवली आहे. तो वाद जाहिरात संस्थेशी होता, संघाशी नव्हता, तरी नोटिशीत त्याचा आधार घेता येईल. थोडी रक्कम देऊ केली तर घ्या, पण पावतीवर "एकूण येण्यापैकी, उरलेल्या रकमेचा हक्क राखून" एवढे स्वतःच्या हाताने लिहा आणि त्या पावतीचा फोटो त्याच दिवशी संघाच्या अधिकृत मेलवर पाठवा.