अजून एक अटेम्प्ट देऊ का, मॅडम?

पुण्यात पेठांच्या भागात समुपदेशनाचं काम करताना एक प्रश्न मी सर्वांत जास्त वेळा ऐकते. विचारणारा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, साधारण पंचविशी ओलांडलेला असतो. पाठीवर सॅक असते आणि नजर टेबलाच्या कडेवर. 'अजून एक अटेम्प्ट देऊ, की सोडून देऊ?' असं विचारतो, आणि उत्तर हो किंवा नाही एवढंच हवं असतं. हा प्रश्न घेऊन आलेल्या एका मुलाबद्दल, त्याच्या परवानगीनं, लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. त्याला सागर म्हणू.

सागर परभणी जिल्ह्यातला. घरची तीन एकर, कापूस आणि सोयाबीन. वय सत्तावीस. पोलीस उपनिरीक्षक, म्हणजे पीएसआय, व्हायचं म्हणून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी पुण्यात येऊन चार वर्षं झाली होती. पीएसआयला त्याच्या गावात अजून फौजदार म्हणतात, आणि सागर पुण्याची गाडी पकडून निघाला त्याच दिवशी त्याचं नाव फौजदार पडलं. एसटी स्टँडवरचा चहावाला, चुलते, बहिणीचे सासरे, सगळे त्याला 'काय फौजदार' अशीच हाक मारायचे. खांद्यावरचे दोन तारे त्याच्याआधी गावानंच बघून टाकले होते.

जुलैत तो माझ्याकडे आला तेव्हा पूर्व परीक्षेचा, म्हणजे मुख्य परीक्षेआधीच्या चाळणीचा, निकाल लागून आठच दिवस झाले होते. कटऑफ दोन मार्कांनी हुकला होता. रात्री तीनपर्यंत झोप नाही, मेसचं ताट अर्धं तसंच, आणि अभ्यासिकेत पुस्तक उघडलं की छातीत धडधड. पहिल्या भेटीत मी त्याच्या प्रश्नाला हात लावला नाही. निकालानंतरच्या पंधरा दिवसांत घेतलेला निर्णय बहुतेक वेळा निर्णय नसतो, दुखण्यावर मारलेला हात असतो. मी वेगळंच विचारलं, आणि सरळ विचारलं: 'मरणाचे विचार येतात का?'

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'मरावं असं नाही मॅडम. गायब व्हावं वाटतं. कुणाला सापडूच नये.'

हा प्रश्न विचारायला पालक आणि मित्र घाबरतात. विचारल्यानं मुलाच्या डोक्यात नको ते शिरेल, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. उलट, एकट्यानं उचललेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळते. त्याच आठवड्यात मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, झोपेसाठी थोडे दिवस औषध सुरू झालं. त्याच्या संमतीनं रूममेटलाही कल्पना दिली. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून घेतला. तो सरकारी आहे, मोफत आहे, आणि मध्यरात्रीही लागतो. ही पायरी गाळून 'जोमानं अभ्यास कर' म्हणणं मला चुकीचं वाटतं, मग म्हणणारा कितीही प्रेमानं म्हणो.

झोप थोडी जुळल्यावर, तिसऱ्या भेटीला, मी त्याला प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी आणि आयोगाची उत्तरतालिका घेऊन यायला सांगितलं. एकूण मार्क त्याला माहीत होते, 59.5. पण एकेक प्रश्न ताडून बघायचं धाडस त्यानं केलं नव्हतं. पूर्व परीक्षेला तासाभरात शंभर प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद, आणि चार उत्तरं चुकली की एक मार्क जातो. सागरनं 97 प्रश्न सोडवले होते. 67 बरोबर, 30 चूक.

मी विचारलं, 'घाबरलास कुठं?' त्यानं लगेच एका गणितावर बोट ठेवलं. काम-काळ-वेगाचं गणित होतं. 'हे मला येतं मॅडम. रूमवर पोरांना मीच शिकवतो. त्या दिवशी आलं नाही, तर तिथंच अडकलो. घड्याळ बघितलं तर दहा मिनिटं गेलेली.' त्यानंतर त्याचा हात सैरावैरा धावला. शेवटच्या चार मिनिटांत त्यानं पंधरा गोळे काळे केले. आम्ही तेवढेच पंधरा मोजले. तीन बरोबर, बारा चूक. तीन मार्क आले, तीन गेले. म्हणजे त्या चार मिनिटांची जमा शून्य.

उत्तरतालिका उलटी ठेवून तेच पंधरा प्रश्न मी त्याला माझ्यासमोर सोडवायला दिले. यावेळी त्यानं आठ बरोबर सोडवले. माझी खोली म्हणजे परीक्षेचा हॉल नव्हे, हे मला कळतं. पण त्या कागदानं त्याला एक गोष्ट दाखवली, जी मी शंभर वेळा बोलून पटली नसती. तो स्वतःला 'ढ' समजून बसला होता. अभ्यास कमी पडला म्हणून आणखी दोन तास वाढव, त्यासाठी झोप तोड, असं त्याचं दर वर्षीचं औषध होतं. आणि कागद सांगत होता की गळती दुसरीकडे आहे.

त्यावर काम करणं त्या मानानं सोपं गेलं. रोज अकरा वाजता, परीक्षेच्याच वेळी, एक पेपर. पहिल्या फेरीत फक्त खात्रीचे प्रश्न, अडलं की खूण करून पुढं. धडधड सुरू झाली की पेन खाली ठेवून सहा सावकाश श्वास, त्यात दोन प्रश्न गेले तरी चालतील. आणि सकाळचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणीसाठी पळण्याचा सराव, बंद करायचं नाही. त्यानं ते 'आता पूर्वच निघाली नाही, मैदानी कशाला' म्हणून सोडलं होतं. 800 मीटर अडीच मिनिटांत काढणारा हा मुलगा, पळणं थांबवल्यापासून त्याची झोप गेली होती. हा संबंध त्याच्या लक्षातच आला नव्हता.

पण मला सतत वाटत होतं की काहीतरी राहतंय. पेपर सुधारत होते, चेहरा नाही. पाचव्या भेटीत ते बाहेर आलं. घरी त्यानं पूर्व निघाली असं सांगितलं होतं. 'मुख्यची तयारी चालू आहे, आबा.' वडील दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे टाकत. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं, राहायचे तीन हजार, मेसचे बत्तीसशे, अभ्यासिकेचे बाराशे. पैसे आल्याचा मेसेज वाजला की त्याला मळमळायचं. दिवाळीला दोन वर्षं तो गावी गेला नव्हता.

इथं मी त्याच्या मूळ प्रश्नाकडे आले. अजून एक अटेम्प्ट द्यायचा की नाही, हे ठरवायला त्याच्याकडे खरी माहितीच नव्हती, कारण ती ज्यांच्याकडे होती त्यांच्याशी तो खोटं बोलत होता. घरावर कर्ज किती, बहिणीच्या लग्नाचं देणं फिटलं का, आबांच्या गुडघ्याचं काय, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. 'वय तर आहे ना मॅडम,' तो म्हणायचा. वयोमर्यादा खुल्या गटाला 31 आणि मागासवर्गीयांना 34 आहे, हे तो पाठ म्हणून दाखवायचा. पण ती आयोगानं दिलेली परवानगी आहे. घरानं दिलेली मुदत वेगळी असते, आणि ती विचारावी लागते.

आणखी एक गोष्ट मी सगळ्याच मुलांना सांगते. मुदत अटेम्प्टमध्ये मोजू नका, कॅलेंडरवर मोजा. पीएसआयसाठीची 2020 ची संयुक्त पूर्व परीक्षा पुढं ढकलत ढकलत 4 सप्टेंबर 2021 ला झाली, हे याच पेठांतल्या मुलांनी भोगलं आहे. 'एक अटेम्प्ट' म्हणता म्हणता दोन वर्षं कधी जातात, कळत नाही. सागरनं कागदावर लिहिलं: पुढच्या वर्षीचा दसरा. आयोगाचं वेळापत्रक कुठंही असो.

पोळ्याला तो गावी गेला. फोनवर सांग असं मी म्हटलं नाही, समोर बसूनच सांग म्हटलं. परत आला तेव्हा त्यानं जे सांगितलं ते गोड नव्हतं. आबा भडकले. नापास झाल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, पण 'माझ्या तोंडानं चार गावांत खोटं बोलायला लावलंस' म्हणाले आणि दोन दिवस बोललेच नाहीत. आईनं जेवायला वाढलं, तिचेही डोळे वर होत नव्हते. तिसऱ्या दिवशी बैल धुवायला ओढ्यावर नेताना आबांनी विचारलं, 'किती दिस अजून?' सागरनं खिशातला कागद काढून वाचून दाखवला. आबांना दसरा पटला. त्यांनी एक अट घातली: शिपाई भरतीचा फॉर्मही भरायचा.

ही अट त्याला सर्वांत जड गेली. फौजदार म्हणून निघालेल्यानं शिपाई व्हायचं? यावर आम्ही दोन भेटी घालवल्या. मी त्याला पटवायचा प्रयत्न केला नाही. फक्त विचारलं, की फौजदार म्हणून जे काम करायचं डोक्यात होतं, ते सांग. त्यानं गावातल्या एका बाईची तक्रार ठाण्यात कुणी लिहूनच घेतली नव्हती, तो प्रसंग सांगितला. ती लिहून घ्यायची होती त्याला. सांगता सांगता तोच थांबला आणि म्हणाला, 'हे तर ठाणे अंमलदाराचं काम आहे. त्यासाठी फौजदारच व्हावं लागत नाही.' फॉर्म त्यानं भरला.

पुढच्या पूर्व परीक्षेला त्यानं चौदा प्रश्न कोरे सोडले आणि पूर्व निघाली, खरोखर निघाली. मुख्य परीक्षेत तो कटऑफच्या खाली राहिला. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तो आला आणि कागद टेबलावर ठेवून म्हणाला, 'मॅडम, तारीख आली.' मला वाईट वाटलं, आणि ते मी त्याला सांगितलंही. अजून एकदा प्रयत्न कर म्हणावं, असं ओठांवर आलं होतं. इतका जवळ येऊन परत जाणारा मुलगा बघणं सोपं नसतं. पण ती तारीख त्याची होती, त्याच्या आबांची होती. तो रडला, मग अभ्यासिकेची किल्ली द्यायची म्हणून उठला. पुस्तकं त्यानं रूममधल्या नव्या मुलाला दिली होती.

आठवडाभरानं गावाहून त्याचा फोन आला. शिपाई भरतीच्या ग्राउंडसाठी तो पहाटे जिंतूर रोडवर 1600 मीटरचा सराव करत होता. स्टँडवर उतरला तेव्हा चहावाल्यानं हाक मारली होती, 'काय फौजदार, कधी आलात?'

'मग काय म्हणालास?'

'म्हटलं, कालच आलो. फौजदार नाही झालो काका, सोयाबीन काढायला आलोय. चहा द्या.'