खपाचं ते मागवा : गल्लीतल्या हॉटेलांबद्दल वाचकांचे प्रश्न

उडपी, मिसळवाले, खानावळी आणि कोपऱ्यावरची ‘फॅमिली रेस्टॉरंट’ यांच्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. छोट्या हॉटेलात कुठला पदार्थ किती वाजता जास्त खपतो, यावर त्याची चव ठरते.

आमच्या पेठेतल्या मिसळवाल्याकडे सकाळी आठला जी चव असते ती दुपारी तीनला नसते. तोच आचारी, तेच पातेलं. मग फरक कशाचा? (पुणे)

फरक पातेल्यातच पडतो. सकाळी रश्श्यावर तर्रीचा, म्हणजे लाल तिखट तेलाचा, जाड थर असतो. पहिली गिऱ्हाईकं येतात तसा पळीनं वरचा थर उचलला जातो, आणि उरलेला रस्सा मंद आचेवर आटत राहतो. आटला की मीठ आणि तिखट दोन्ही चढतं, म्हणून त्यात गरम पाणी पडतं. खारटपणा त्यानं कमी होतो, पण तर्री परत येत नाही. वाटण तळाशी बसलेलं असतं, त्यामुळे एका वाटीत नुसतं पाणी आणि पुढच्या वाटीत गाळ, असं दुपारी हमखास होतं. मटकीही सकाळपासून गरमच असते. आठला दाणा अख्खा दिसतो, तीनला साल वेगळी आणि आत पीठ. फरसाणाचा डबा दिवसभर उघडझाप होऊन सादळतो, पावसाळ्यात तर बाराच्या आतच.

म्हणून हॉटेल उघडल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत जा. उशीर झालाच तर फरसाण वेगळ्या वाटीत मागा आणि थोडं थोडं घाला. ‘सॅम्पल’ म्हणजे वरून मिळणारा रस्सा एकदम ओतू नका, नाहीतर पाचव्या घासाला सगळ्याचा लगदा होतो. कोल्हापुरात मिसळीसोबत स्लाइस ब्रेड येतो. तो पावापेक्षा रस्सा जास्त शोषतो, तेव्हा तिथे रस्सा जरा सढळ मागावा.

घरी मिसळ केली की तर्री वर येतच नाही. तेल वाढवूनही उपयोग होत नाही. (ठाणे)

तेल बहुधा पुरेसं असतं, ते रश्श्यात अडकून बसतं. सहा जणांसाठी प्रमाण असं : सुकी मटकी १ वाटी, तेल पाऊण वाटी, मध्यम कांदे २, किसलेलं सुकं खोबरं अर्धी वाटी, लसूण १०-१२ पाकळ्या, आलं १ इंच, धणे १ मोठा चमचा, तीळ १ लहान चमचा, बेडगी तिखट २ मोठे चमचे, झणझणीत तिखट १ लहान चमचा, उकळतं पाणी ६ वाट्या, मीठ दीड ते दोन लहान चमचे. कांदा-लसूण मसाला १ मोठा चमचा घालणार असाल तर झणझणीत तिखट वगळा.

मटकी आठ तास भिजवून बारा तास बांधून ठेवा. थंडीत अठरा-वीस तासही लागतात. मोड आलेली मटकी हळद-मीठ घालून वेगळ्या भांड्यात शिजवा. रश्श्यात शिजवली की तिचं पिठूळ पाणी रश्श्यात उतरतं, रस्सा दाट होतो आणि तेलाला धरून ठेवतो. चांगल्या मिसळवाल्याकडे मटकीचं आणि कटाचं, म्हणजे तिखट रश्श्याचं, अशी दोन पातेली असतात ती यासाठीच.

खोबरं कोरडं भाजा. कांदा थोड्या तेलात चांगला तांबूस होऊ द्या. धणे-तीळ भाजून आलं-लसणासह सगळं शक्य तितक्या कमी पाण्यात बारीक वाटा. उरलेलं तेल तापवा, हिंग-हळद घाला आणि वाटण मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं परता. कडेनं तेल सुटलं पाहिजे. आता गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि मग तिखट घाला. दोनदा ढवळून लगेच दोन चमचे पाणी शिंपडा. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. पण तेल फार तापलेलं असेल तर तिखट काही सेकंदांत करपतं, रंग विटकरी होतो आणि कट कडू लागतो. हा कडूपणा गुळानंही झाकत नाही.

यानंतर उकळतं पाणी घाला. एक उकळी आली की आच बारीक करा आणि झाकण न ठेवता वीस-पंचवीस मिनिटं राहू द्या. शेवटची दहा मिनिटं डाव घालू नका. खळखळ उकळलं किंवा सारखं ढवळलं तर तेलाचे बारीक थेंब रश्श्यात मिसळून जातात. दाटपणासाठी काजू, दाण्याचं कूट किंवा बेसन घातलं तरी हेच होतं. तर्री वर आली की पळीनं वेगळी काढून ठेवा, म्हणजे लहान मुलांना खालचा रस्सा आणि मोठ्यांना हवी तेवढी तर्री देता येते.

घराजवळच्या फॅमिली रेस्टॉरंटच्या मेनूकार्डावर शंभराच्या वर भाज्या आहेत. काहीही मागवा, चव तीच. आमची फसवणूक होते का? (पिंपरी)

फसवणूक नाही. दहा मिनिटांत भाजी टेबलावर यायची तर दुसरा मार्गच नसतो. भटारखान्यात सकाळी सहसा तीन ग्रेव्ह्या तयार होतात. लाल ग्रेव्ही टोमॅटो आणि काजूची, पिवळी परतलेल्या कांद्याची, पांढरी उकडलेला कांदा, काजू आणि मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) यांची. ऑर्डर आली की आचारी कढईत एक-दोन डाव ग्रेव्ही घेतो, अर्धवट उकडलेल्या भाज्या किंवा पनीर टाकतो, वरचा मसाला घालतो आणि चार-पाच मिनिटांत उतरवतो. पनीर बटर मसाला आणि व्हेज मखनवाला ही एकाच पातेल्यातली भावंडं. ‘पनीर कढाई’सारख्या भाजीत भरडलेले धणे, लाल मिरची आणि ढोबळी मिरचीच्या फोडी पडल्या की ती वेगळी भाजी होते. कोल्हापुरीत तिखट वाढतं, कुर्म्यात पांढरी ग्रेव्ही येते.

म्हणून एका टेबलावर एकाच ग्रेव्हीच्या दोन भाज्या मागवू नका. वेटरला सरळ विचारा : “यातली लाल ग्रेव्हीतली कुठली, पिवळीतली कुठली?” त्याला ते पाठ असतं. दोन ग्रेव्हीच्या भाज्यांऐवजी एक ग्रेव्हीची आणि एक ताजी तव्यावर होणारी घ्या : भेंडी फ्राय, जिरा आलू, मेथी-लसूण. खानदेशात शेवभाजी, सांगली-कोल्हापूरकडे अख्खा मसूर. अशा पदार्थांना तिथे रोजचा खप असतो, त्यामुळे ते शिळे राहत नाहीत. दीडशे पदार्थांच्या कार्डात ज्याचं नाव आजूबाजूच्या एकाही टेबलावर दिसत नाही, त्याचं सामान फ्रीजमध्ये किती दिवसांचं असेल, हा विचार ऑर्डरपूर्वी करावा.

उन्हाळ्यात पांढरी ग्रेव्ही सगळ्यांत आधी आंबते. काजूच्या गोडसर भाजीला दह्यासारखा आंबट वास आला किंवा कडेला बारीक फेस दिसला तर पहिल्याच घासाला परत करा. अर्धी संपवून तक्रार केली तर कुणी ऐकत नाही.

प्रमाणाचं म्हणाल तर चार माणसांना दोन भाज्या आणि एक दाल पुरते. तंदुरी रोट्या एकदम बारा मागवू नका. चार-पाच मिनिटांत त्या चामट होतात. आधी चार, मग चार.

बिल ६४० रुपयांचं, हातात आलं ७३९ रुपये २० पैशांचं. त्यातलं काय द्यायचं आणि काय नाही? २० रुपयांची पाण्याची बाटलीही ४० ला लावली होती. (नागपूर)

आकड्यांवरून हिशेब असा दिसतो : ६४० वर १० टक्के सर्व्हिस चार्ज ६४ रुपये, झाले ७०४, त्यावर ५ टक्के जीएसटी ३५ रुपये २० पैसे. सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून तो बिलात परस्पर लावायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना कायम ठेवल्या. गल्ल्यावर शांतपणे “सर्व्हिस चार्ज काढून बिल द्या” एवढं म्हणा. बिल ६७२ रुपये व्हायला हवं : ६४०, सीजीएसटी (केंद्राचा वाटा) १६, एसजीएसटी (राज्याचा वाटा) १६. नुसता चार्ज वजा करून जीएसटी जुनाच ठेवला नाही ना, तेही बघा. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवा.

जीएसटी मात्र द्यावाच लागतो, एसी असो वा नसो, बसून खा वा पार्सल न्या. साध्या रेस्टॉरंटला तो ५ टक्के आहे. पण तो घेण्याचा अधिकार प्रत्येकाला नाही. बिलावर १५ अंक-अक्षरांचा जीएसटी क्रमांक लागतो. महाराष्ट्रात तो २७ नं सुरू होतो, गोव्यात ३० नं. बरीच छोटी हॉटेलं कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेत, असतात. त्यांच्या बिलावर ‘बिल ऑफ सप्लाय’ असं छापलेलं असतं आणि त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. हातानं लिहिलेल्या कच्च्या चिठ्ठीवर क्रमांक नाही आणि खाली ५ टक्के मात्र जोडलेले, असं दिसलं तर ते पैसे देऊ नका. खाद्य परवान्याचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांकही बिलावर हवा.

बाटलीच्या बाबतीत उत्तर बऱ्याच वाचकांना आवडणार नाही. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीहून जास्त दर लावता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. उपाय सोपा आहे. वेटर बाटली घेऊन येतो तेव्हा ती उघडू देऊ नका, “साधं पाणी द्या” असं म्हणा.

जुलैत मालवण आणि पुढे गोव्याला जाणार आहोत. तेव्हा मासळीची थाळी खावी का? शिवाय माशाच्या दराच्या जागी ‘साइजप्रमाणे’ असं लिहिलेलं असतं, त्याचं काय करायचं? (पनवेल)

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात येणारी सुरमई-पापलेट बहुतेक बर्फातली किंवा कोल्ड स्टोरेजमधली. ती वाईटच असते असं नाही, पण ताज्याचा दर त्याला देऊ नये. बर्फातून काढलेल्या सुरमईच्या तुकडीला पाणी सुटतं, त्यामुळे रव्याचं आवरण पोपडा सुटावा तसं अलग होतं आणि आतला मासा कापसासारखा कोरडा लागतो. ताजी तुकडी बोटानं दाबली की ओलसर पाकळ्यांनी सुटते. शंका असेल तर कडकडीत तळलेलं न घेता तवा फ्राय घ्या, त्यात मासा लपत नाही.

या दिवसांत खाडीचे मासे, चिंबोऱ्या आणि सुकी मासळी मागवणं शहाणपणाचं. सुक्या बोंबलाचं कालवण, सुकटीची चटणी, गोव्यात सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर. ही पावसाळ्याचीच जेवणं आहेत आणि तिथले लोक तेव्हा तेच खातात.

‘साइजप्रमाणे’ असेल तर कच्चा मासा आधी टेबलावर आणून दाखवायला सांगा, त्याच माशाचा दर विचारा आणि मग होकार द्या. तळून आल्यावर दर विचारण्यात अर्थ नाही. थाळीच्या बाबतीत तीन गोष्टी आधीच विचारा : कालवणात तुकडी आहे की नुसता रस्सा, भात-कालवण परत मिळतं का, आणि सोलकढी थाळीच्या दरात धरलेली आहे का. सोलकढीतलं नारळाचं दूध काही तास राहिलं की वर साय आणि खाली पाणी असं फुटतं. पेल्यात ते फुटलेलं दिसलं तर सोलकढी सकाळची आहे.

उडप्याकडचा मसाला डोसा घरी आणेपर्यंत मऊ पडतो. काही युक्ती? (डोंबिवली)

वाफ कोंडली की डोसा मऊ पडणारच. भाजी डोशात न भरता वेगळी द्यायला सांगा, चटणी-सांबार तर वेगळंच हवं. डोसा नुसत्या कागदात, एक टोक उघडं ठेवून गुंडाळून घ्या. वर प्लास्टिकची पिशवी बांधू देऊ नका. घरी आल्यावर कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर अर्धा-पाऊण मिनिट, एकाच बाजूनं, तेल न घालता. मायक्रोवेव्हमध्ये तो आणखी लिबलिबीत होतो. घर पंधरा मिनिटांहून लांब असेल तर डोशाऐवजी इडली किंवा उत्तप्पा न्या. सांबारासाठी स्टीलचा डबा घरून न्या. उकळतं सांबार पातळ पिशवीत घेऊ नये, आणि डबा पुढे केला तर बहुतेक ठिकाणी पळीभर जास्तच मिळतं.