मुलगा घरी परत आलाय, आता नजर किती ठेवायची?

"मॅडम, पॅरोलवर सुटलाय तो. आता मी नोकरी सोडून दारात बसून राहू का?"

हा प्रश्न मला कितीतरी आयांनी विचारलाय. ठाणे जिल्ह्यात परिविक्षा अधिकारी, म्हणजे मंडळाने घरी सोडलेल्या मुलांवर देखरेख ठेवणारी अधिकारी, म्हणून फिरत होते तेव्हाही, आणि आता पालकांचं समुपदेशन करते तेव्हाही. शब्द थोडे बदलतात, आवाजातली धास्ती तीच असते. म्हणून सुजितच्या आईची गोष्ट सांगते. नाव, गल्ली, गाडी सगळं बदललंय. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्ह्याच्या प्रकरणात अडकलेल्या मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी असं मला वाटतं.

आधी त्या शब्दाचं बोलू. पॅरोल शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला मिळतो. सुजित कैदी नव्हता. सोळा वर्षांचा होता. दोन मित्रांबरोबर त्याने कळवा स्टेशनबाहेरची मोटरसायकल उचलली, खारेगावच्या पुढे पेट्रोल संपलं, तिथेच गाडी टाकून तिघं चालत घरी आले. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत त्याला भिवंडीला बाल न्याय मंडळापुढे नेलं. चौकशी पूर्ण झाल्यावर मंडळाने त्याला एक वर्षाच्या परिविक्षेवर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या हमीवर, आईच्या ताब्यात दिलं. देखरेख माझ्याकडे आली.

२०१५ च्या या कायद्यात एक तत्त्व लिहिलंय: मुलाच्या बाबतीत आरोप ठेवणारे शब्द वापरायचे नाहीत. कागदावर तो 'विधिसंघर्षग्रस्त बालक', म्हणजे कायद्याशी संघर्षात आलेलं मूल, असतो. शब्द जड आहे, पण तो 'चोर' नाही. मंडळातल्या दंडाधिकाऱ्यांनी आणि दोन्ही सामाजिक कार्यकर्त्यांनी त्याला त्याच्या नावाने हाक मारली होती.

पहिल्या गृहभेटीला मी दुपारी चारला गेले. मुद्दाम फाईल घेतली नव्हती, खांद्याला भाजीची पिशवी होती. चाळीत फाईल घेतलेली बाई दिसली की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना बातमी लागते. दाराला बाहेरून कुलूप. आत टीव्ही चालू. खिडकीची काच सरकली आणि सुजितचा चेहरा दिसला.

"आई साडेसातला येते. किल्ली तिच्याकडे असते."

"सकाळपासून आत आहेस?"

"हो."

त्या चाळीत संडास सामाईक, वाडीच्या टोकाला. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "पाणी कमी पितो मी."

खिडकीच्या कट्ट्यावर स्टीलचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला. सकाळी आईने भरून ठेवला असणार.

संताप आला मला, खोटं कशाला बोलू. पण साडेसातला त्याची आई रबाळ्याच्या कंपनीतून पॅकिंगची शिफ्ट संपवून आली, पायातली चप्पल न काढताच आधी कुलूप उघडलं आणि आत डोकावून तो आहे ना, हे पाहिलं. तिचा तो चेहरा बघितल्यावर माझे शब्द घशातच राहिले. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. ती म्हणाली, "आत असला की मला माहीत असतं, तो कुठे आहे."

"आणि ताई, आग लागली तर?"

ती खाली बसली. बराच वेळ काही बोलली नाही.

आयांना मी नेहमी एकच विचारते: तुम्हाला दिवसातल्या नेमक्या कुठल्या वेळेची भीती वाटते? चोवीस तासांची नसते ती. तिने लगेच सांगितलं, साडेचार ते साडेसात. पोरं नाक्यावर जमतात ती वेळ. म्हणजे आम्हाला तीन तासांचं काहीतरी बघायचं होतं. त्यासाठी नोकरी सोडायची गरज नव्हती, कुलपाची तर नव्हतीच. विटाव्याला त्याच्या मावशीची पिठाची गिरणी होती. यंत्राजवळ जायचं नाही, फक्त डबे घ्यायचे, खडूने नाव लिहायचं, हिशेबाची वही सांभाळायची, असं ठरलं. ठरवताना सुजित समोर होता. हे महत्त्वाचं. त्याच्या पाठीमागे ठरवलेलं काहीही टिकत नाही, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

तिसऱ्या आठवड्यात तो एका संध्याकाळी गिरणीवर गेलाच नाही. रात्री नऊला आईचा फोन. "उद्यापासून परत कुलूप लावते. आणि मॅडम, तुम्ही मंडळाला कळवणार का?"

दुसऱ्या दिवशी मी सुजितला विचारलं, "मला अहवालात लिहावं लागेल. काय लिहू, ते तू सांग."

तो नखं खात बसला. मग म्हणाला, "लिहा, खाडीवर बसलो होतो. एकटाच. काही केलं नाही."

तेच लिहिलं, त्याच्याच शब्दांत. गिरणीवर न जाणं हा गुन्हा नव्हे, पण लपवणं मला मान्य नव्हतं. देखरेख करणाऱ्या माणसाने मुलाशी खरं वागलं नाही तर मुलाने तरी का वागावं? कुलूप मात्र आईने परत लावलं नाही. त्या रात्री जेवताना तिने त्याला वाढलं आणि काहीच विचारलं नाही, हे नंतर त्यानेच सांगितलं. तिला ते किती जड गेलं असेल, मला कल्पना आहे.

तिची दुसरी भीती डागाची होती. "याला कुठे नोकरी लागणार? चारित्र्याचा दाखला मागतील." याचं उत्तर कायद्यातच आहे, आणि ते प्रत्येक पालकाला माहीत हवं. कलम २४ सांगतं की अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही आणि अपिलाची किंवा नियमात ठरवलेली मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या ज्या मुलावर जघन्य, म्हणजे अतिगंभीर, गुन्ह्यासाठी प्रौढांसारखी कारवाई होते, त्याला यातून वगळलंय. गाडीचोरी त्यात बसत नाही. शिवाय प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी ती नोंद उघड करायची नाही, हेही कलम ७४ मध्ये आहे. कुणी तरीही अडवलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. हे सगळं मी तिला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तिने ते सुजितच्या जुन्या वहीत त्याच्याकडूनच लिहून घेतलं.

वर्ष संपलं, माझा शेवटचा अहवाल गेला. पुढच्या जूनमध्ये सुजितने आयटीआयचा फॉर्म भरला, मोटर मेकॅनिकला. आईला गाड्यांचंच नाव काढलेलं नको होतं. मी म्हटलं, "त्याला त्यातच रस आहे ताई, तेव्हाही होता." घरातल्या पैशांच्या डब्याला ती अजून कुलूप लावते. त्यावर मी काही बोलले नाही. त्याने त्याबद्दल तक्रारही केलेली नाही.

अधूनमधून रात्री नऊच्या सुमाराला तिचा फोन येतो.

"मॅडम, अजून आला नाही हो."

"त्याला फोन केलात?"

"नाही. आधी तुम्हाला केला."

"आता त्याला करा."

"करते," म्हणते, आणि फोन ठेवते.