टॉवेलचा धागा आणि काळी माती

सोलापूर

बाळा,
अनेक आशीर्वाद.

फॉरेन्सिकला जायचं ठरलंय हे वाचून बरं वाटलं. पण अख्ख्या पत्रात तू डीएनएच्या मशीनचंच विचारलंस. मशीनचं काय, पाकिटातून जे येईल ते ते तपासतं. सुरुवातीच्या काळात मी रक्ताने भिजलेला टॉवेल तसाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधला. मे महिना, त्यात आपलं ऊन. पिशवी उघडली तेव्हा बुरशी धरली होती. ओलं कापड आधी सावलीत वाळवायचं, मग कागदी पाकिटात घालायचं. जळिताचं नेमकं उलट. रॉकेल-पेट्रोलचा अंश असलेली राख कागदात ठेवली तर तो अंश उडून जातो, तिला हवाबंद डबाच हवा.

दोन गोष्टी एकमेकींना लागल्या की काहीतरी देवघेव होतेच, हा फ्रान्सच्या एडमंड लोकार्ड यांचा सिद्धांत. १९१० साली त्यांनी ल्यों शहरात पोलिसांसाठी प्रयोगशाळा काढली. सिद्धांत खराच आहे, पण तो आपल्या गावात लावून बघ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेल्या कुणाचाही शर्ट झटक, कापसाचे तंतू पडतील. मग संशयिताच्या कॉलरवर पांढरा सुती धागा सापडला, त्याचं मोल किती? बुटाला काळी माती लागली? ती तर अर्ध्या जिल्ह्याच्या पायाला असते! म्हणून तुलनेचे नमुने घ्यायचे: त्या जागेची माती, आजूबाजूच्या चार ठिकाणची माती, त्याच कापडाचा डाग नसलेला तुकडा. घाईत नेमकं हेच राहून जातं, आणि उलटतपासणीत वकील पहिलं तिथेच बोट ठेवतो.

पंचनामा, लाखेचं सील, मुद्देमाल कुणाच्या हातून कुणाकडे गेला याच्या सह्या, हे सगळं शिकवतीलच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी तपास आणि खटल्यांच्या पद्धतीचा नवा कायदा, आली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जायचं, असं तिचं कलम १७६ सांगतं. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तुमची पिढी नशीबवान. आम्ही पोचेपर्यंत शेजारीपाजारी घरात फिरून, पाणी पिऊन गेलेले असायचे. एकदा पेल्यावरचा सुरेख ठसा निघाला पंचाचाच!

दिवाळीत येशील तेव्हा माझ्या खोलीत शिरू नकोस. उंबऱ्यावर उभं राहून कच्चा नकाशा काढ, उत्तर दिशा दाखव. मापं घ्यायला टेप मी देईन. चहा त्यानंतर.

तुझा,
काका