साडेआठचे बूट

"ताई, मी 58 वर्षांची, चिंचवडला राहते. मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले. मोठा मुलगा 27 वर्षांचा, मतिमंद आहे. अठरा पूर्ण झाली आणि शाळा सुटली, तेव्हापासून घरीच असतो. त्याचं सगळं मलाच करावं लागतं. शाळा संपली हे अजून त्याला कळत नाही. सकाळी साडेआठला बूट घालून, पाण्याची बाटली घेऊन दारात बसतो, मग आपला आपण उठून आत येतो. धाकटी मुलगी 24 ची, नोकरी करते. तिला चांगलं स्थळ आलंय. पण मुलाकडच्यांनी विचारलं, पुढे भावाचं कोण बघणार? मला वाटतं, माझ्यामागे दादाला सांभाळू, असा शब्द लग्नाआधीच दोघांकडून घ्यावा. माझं काही चुकतंय का?
– एक आई"

ताई, शब्दाचं नंतर बोलू. आधी बुटांचं.

एका ओळीत तुम्ही लिहिता की त्याचं सगळं तुम्हालाच करावं लागतं. त्याच्या खालीच लिहिता की तो बूट घालून, बाटली घेऊन, वेळेवर दारात बसतो. नऊ वर्षं! शाळेची गाडी येत नाही, हॉर्न वाजत नाही, डबा कोणी भरत नाही, तरी हा मुलगा रोज तयार. आणि तुम्ही म्हणता त्याला कळत नाही. हे वाचून मला राग आला, तो मी लपवणार नाही. त्याला घराबाहेर पडायचंय, काहीतरी करायचंय. तोंडाने सांगता येत नसेल, म्हणून तो बूट घालून सांगतोय. रोज सांगतोय. आणि रोज कोणी उठत नाही, म्हणून शेवटी तो उठतो.

मिस्टर गेल्यावर त्याची सोबत वाटत असेल, हे मी समजू शकते. पण त्याआधीची सात वर्षं तर घरात दोघं होतात.

आपल्याकडे विशेष शाळा साधारण अठरापर्यंतच. त्यानंतर गाडी बंद होते आणि पुष्कळ घरांतला मुलगा टीव्हीसमोर बसतो तो बसतोच. पण अठरापुढच्यांसाठी कार्यशाळा असतात, हे तुम्हाला नऊ वर्षांत कोणीच सांगितलं नाही? की सांगितलं आणि 'आमच्याच्याने नाही जमणार' असं तुम्ही परस्पर ठरवलंत? या कार्यशाळांत कागदी पिशव्या होतात, राख्या होतात, दिवाळीला पणत्या रंगवतात, उटण्याची पाकिटं भरतात. एकजण कागद कापतो, दुसरा घडी घालतो, तिसरा खळ लावतो. ज्याला मोजता येत नाही त्याच्यासमोर दहा चौकोन आखलेली पाटी ठेवतात. प्रत्येक चौकोनावर एक वस्तू ठेवायची, सगळे चौकोन भरले की दहाचा गठ्ठा झाला. आकडे न येणारा माणूस असा बरोबर मोजतो. महिनाअखेरीस हातात पाकीट पडतं. रक्कम थोडी असते, पण ती त्याची असते. सत्ताविसाव्या वर्षी काय शिकणार, असं मनात आलं असेल तर ते तिथेच सोडा. जो नऊ वर्षं वेळ चुकवत नाही, त्याच्या अंगात नोकरीचा अर्धा गुण आधीच आहे.

तुम्हाला फार लांब जायचंही नाही. सिंधूताई जोशींनी 1964 मध्ये पुण्यात अशा मुलांसाठी 'कामायनी' ही संस्था सुरू केली, तिचं काम निगडीलाही चालतं. चिंचवडहून निगडी म्हणजे रिक्षाने किती वेळ? आधी तिथे जाऊन विचारा. त्यांच्याकडे जागा नसेल तर दुसरीकडे कुठे आहे हे तिथल्याच बाईंना विचारा, आणि तिथून परस्पर तिकडे जा.

आता शब्द. घेऊ नका. आज तुम्ही मुलीकडे जो भाऊ सोपवू पाहताय, त्याला तुमच्या दोघींशिवाय जगात कोणी ओळखत नाही. अशा माणसाची जबाबदारी चोवीस वर्षांच्या मुलीला भीतीच घालणार. मुलाकडच्यांनी पुन्हा विचारलं, तर 'तो सकाळी कामाला जातो, संध्याकाळी येतो' एवढं तिला सांगता आलं पाहिजे. आणि ते खरं असलं पाहिजे.

तोंडच्या शब्दाने तसंही काही होत नाही. मूल अठरा वर्षांचं झालं की आईसुद्धा आपोआप त्याची कायदेशीर पालक राहत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. आज ते तुम्ही घ्याल. पुढे बहीण किंवा एखादी नोंदणीकृत संस्थाही घेऊ शकते. त्याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, 1 लाख रुपयांपर्यंतची. पण हे फॉर्म घेऊन तुम्ही एकट्या रात्री जागत बसू नका. कार्यशाळेच्या फाटकाशी सुटायच्या वेळी इतर आया उभ्या असतात. त्यांतल्या कितीतरी जणींनी हे अर्ज भरलेले असतात, कुठल्या टेबलावर कोण बसतं तेही त्यांना माहीत असतं. 'माझ्यामागे काय' हा प्रश्न त्यांनाही झोपू देत नाही. बदलापूरला अशाच पालकांनी एकत्र येऊन मोठ्या झालेल्या मुलांना राहण्यासाठी 'आधार' ही संस्था उभी केली. ती माणसं आधी कुठेतरी एकमेकांना भेटली होती. तुम्ही नऊ वर्षांत अशा एकाही आईला भेटलेल्या दिसत नाही, पत्रात तरी कोणाचा उल्लेख नाही.

तेव्हा येत्या सोमवारी साडेआठला तो दारात बसला की तुम्हीही चपला घाला. आधी चौकशी करते, मग कागद जमवते, दिवाळी होऊ दे, असं काही नको. त्याचं दिव्यांग प्रमाणपत्र पिशवीत टाका आणि निघा. पहिल्या दिवशी बहुधा नुसतं बघून परत यावं लागेल. तरी त्याचा डबा भरून न्या, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा. तो कोणाशेजारी जाऊन बसतो ते बघा आणि मला कळवा.