ट्रेकला आणि रोजच्या वापराला एकच फ्लीस हुडी घ्यायची असेल, तर कशी निवडावी?

तुम्ही विचारलंय की डोंगरात चालायला आणि एरवी रोज घालायला एकच फ्लीस हुडी हवी आहे, पण ग्रिड, हाय-लॉफ्ट, विंडप्रूफ अशी नावं वाचून गोंधळ उडालाय. मग सगळ्यात जाड असेल तीच घेऊन टाकावी का? आणि ती पावसात चालेल का?

जाड घेऊ नका. मध्यम किंवा त्याहून जराशी पातळ, आतून ग्रिड विणीची (म्हणजे छोट्या चौकोनी उंचवट्यांची), बाहेरून गुळगुळीत, अंगाबरोबर बसणारी आणि टोपी नीट बसणारी हुडी घ्या. वारा आणि पाऊस अडवायचं काम तिच्यावर टाकू नका; त्यासाठी एक पातळ विंडचीटर किंवा रेन जॅकेट सॅकमध्ये असू द्या. आता असं का, ते सांगते.

ऊब मुळात देते ती कापडात अडकलेली, न हलणारी हवा. फ्लीस म्हणजे पॉलिएस्टरचं होजिअरीसारखं विणलेलं कापड, ब्रश फिरवून त्याच्यावर लव काढलेली असते. हवा त्या लवेत अडकते. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. नेहमीच्या दमटपणात त्याच्यात वजनाच्या अर्धा टक्काही ओलावा मुरत नाही, कापसात हेच प्रमाण सात-आठ टक्के असतं आणि लोकरीत पंधराच्या आसपास. फ्लीस भिजत नाही असं मात्र नाही. भिजतं, पण पाणी धाग्यांच्या मधे थांबतं, आत मुरत नाही. म्हणून पिळून, झटकून घातलं तरी ते बऱ्यापैकी ऊब देतं आणि अंगावरच वाळतं. सुती हुडी एकदा भिजली की दिवसभर ओलीच राहते, आणि पाणी स्थिर हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. डोंगरात सुती हुडी नको म्हणतात ते यासाठी.

पण खरा प्रश्न चालताना येतो. चढ लागला की शरीर बसल्याजागी करतं त्याच्या कितीतरी पट उष्णता तयार करतं. तेव्हा थंडी अडवण्यापेक्षा घामाची वाफ बाहेर जाणं जास्त महत्त्वाचं असतं. जाड फ्लीस दुकानात हातात घेतलं की मऊ, उबदार, छान वाटतं. अर्ध्या तासाच्या चढात पाठ, काखा आणि छाती चिंब होतात. मग तुम्ही ती काढून सॅकला लटकवता, माथ्यावर वारा लागतो, घामेजलेला टी-शर्ट गार पडतो आणि हुडहुडी भरते. म्हणजे जाड हुडी चालताना अंगावर ठेवता येत नाही आणि काढल्यावर सॅकमध्ये मावत नाही. चांगली फ्लीस ती, जी सकाळी घातली की दिवसभर अंगावरून काढावीशी वाटत नाही.

ग्रिड विणीचा फायदा इथे कळतो. दुकानात हुडी उलटी करून आतली बाजू नीट पाहा. छोटे छोटे चौकोनी उंचवटे दिसतील आणि त्यांच्या मधून उभ्या-आडव्या चरी गेलेल्या दिसतील. कापड उजेडासमोर धरलं तर चरींच्या जागी उजेड आरपार दिसतो. उंचवट्यांमध्ये हवा अडकते, ते अंगाला टेकून घाम ओढून घेतात. चरींतून वाफ निघून जाते. वरून विंडचीटर घातलं की त्याच चरींतली हवा जागच्या जागी थांबते आणि ऊब वाढते. एकच कापड दोन्ही प्रसंगांना पुरं पडतं. गार पहाटे चढताना अशा हुडीच्या खांद्यांवर आणि दंडांवर बाहेरून बारीक पाण्याचे थेंब जमलेले दिसतात. हात फिरवला तर तळवा ओला होतो, आतला टी-शर्ट मात्र त्या मानाने कोरडा असतो. अंगातली वाफ कापडातून बाहेर येऊन वरच्या गार थरावर जमली, म्हणजे कापड आपलं काम करतंय. मला फ्लीसमधली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

जाडीचा अंदाज घ्यायला लेबलवर जीएसएम बघा, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. जुन्या पद्धतीत 100, 200, 300 असे तीन दर्जे चालत आले आहेत: पातळ, मध्यम, जाड. तुमच्या कामासाठी 150 ते 220 च्या दरम्यानचं कापड ठीक. ग्रिडमध्ये हा आकडा थोडा फसवा असतो, कारण चरींच्या जागी कापड कमीच असतं. आकडा लहान दिसला म्हणून लगेच नाकारू नका. पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीची आर-1 ही गिर्यारोहकांमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेली ग्रिड फ्लीस आहे. पोलारटेक या कापड बनवणाऱ्या कंपनीचं पॉवर ग्रिड कापड बऱ्याच कंपन्या वापरतात. नावापेक्षा आतली बाजू बघून घेतलेलं बरं, कारण आता ग्रिड विणीचं कापड अनेक जण बनवतात.

बाकीच्या दोन प्रकारांबद्दल थोडक्यात. हाय-लॉफ्ट म्हणजे लांब, भुसभुशीत लव असलेलं फ्लीस. वजनाच्या मानाने फार उबदार, वरून जॅकेट असेल तर उत्तम, पण नुसतं घातलं तर वारा सरळ आरपार जातो, आणि झुडपात त्याचे धागे ओढले जातात. त्याचाच एक हलका, विरळ अवतार म्हणजे पोलारटेक अल्फा. ते अमेरिकी लष्कराच्या विशेष दलांसाठी म्हणून विकसित झालं होतं. पळायला किंवा वेगात डोंगर चढायला ते अप्रतिम आहे. रोज घालायला नाजूक पडतं, म्हणून तुमची पहिली आणि एकुलती एक हुडी ती नसावी. विंडप्रूफ फ्लीसमध्ये दोन थरांच्या मधे पडदा घातलेला असतो. वारा अडतो, पण वाफही कोंडते, कापड कडक होतं आणि वाळायला वेळ घेतं. तुमचा दिवस जास्त करून बाइकवर किंवा उघड्यावर उभं राहण्यात जात असेल, तर हीच घ्या, माझी काही हरकत नाही. चालायचं असेल तर नको. कुठलं कापड किती वारा सोडतं हे तपासायला ते तोंडाला लावून जोरात फुंका. पलीकडे धरलेल्या तळव्याला हवा लागली पाहिजे.

पावसाचं उत्तर सरळ आहे: नाही. भुरभुर असेल तर वरचं पाणी झटकता येतं, एवढंच. पण रेन जॅकेटच्या आत घालायला फ्लीससारखं दुसरं काही नाही. पिसांचं जॅकेट ओलं झालं की पिसं चिकटून बसतात आणि ऊब जाते. फ्लीसचं तसं होत नाही.

आता टोपीकडे या, कारण खरेदी करताना हिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. टोपी असली की मान, कान आणि डोकं एका झटक्यात झाकता येतं आणि गरम झालं की तशीच मागे टाकता येते. थांबायला नको, सॅक उतरवायला नको. हे जमायचं तर टोपी डोक्याला लागून बसली पाहिजे. सैल, जाड नाड्या असलेली टोपी दिसायला छान असते, पण वाऱ्यात तिच्यात हवा भरून ती मागे पडते आणि नाड्यांची टोकं तोंडावर फटके मारतात. कडेला लवचिक पट्टी असलेली, माकडटोपीसारखी बसणारी टोपी हेल्मेटखालीही जाते. घालून बघताना टोपी चढवा, चेन हनुवटीपर्यंत ओढा आणि मान डावी-उजवीकडे वळवा. टोपी डोक्याबरोबर वळायला हवी. डोळ्यांवर आली तर ती हुडी ठेवून द्या. केस लांब असतील तर नेहमीसारखे बांधून बघा. अंबाडा किंवा पोनीटेल आत गेल्यावर पुढून मान आवळते का, हे घरी कळण्यापेक्षा दुकानात कळलेलं चांगलं.

चेन पूर्ण असावी की अर्धी? अर्ध्या चेनची हुडी हलकी असते आणि कमरेच्या पट्ट्याखाली तिचं खालचं टोक टोचत नाही. तरी रोजचा वापर आहे म्हणून मी पूर्ण चेनच सुचवेन. घरात, गाडीत, ऑफिसात दहादा काढ-घाल होते आणि प्रत्येक वेळी डोक्यावरून काढायचा कंटाळा येतो. चेनच्या वरच्या टोकाला कापडाचं झाकण आहे ना, ते पाहा, नाहीतर हनुवटी घासून लाल होते. खिसे थोडे वर असावेत, कारण सॅकचा पट्टा कमरेला बांधला की खालचे खिसे बंद होतात. समोर पोटावर एकच मोठा खिसा असलेली हुडी ट्रेकला निरुपयोगी ठरते. अंगठ्याची भोकं हातमोजे घालताना बाही वर सरकू देत नाहीत, पण ती नाहीत म्हणून चांगली हुडी सोडू नका.

मापाला वेळ द्या. आत पातळ टी-शर्ट घाला आणि जमलं तर आपलं रेन जॅकेट बरोबर न्या. दोन्ही हात वर करा: हुडीची खालची कड कमरेवरून वर सरकून पोट उघडं पडता कामा नये. काखेत वेगळा तुकडा जोडलेला असेल तर हे सहसा होत नाही. खांद्याची शिवण सॅकच्या पट्ट्याखाली बरोबर मधोमध येत नाही ना, आणि ती चपटी आहे ना, हे बोट फिरवून पाहा. वरून जॅकेट घातल्यावर बाह्या आत गोळा होत असतील तर बाहेरची बाजू पुरेशी गुळगुळीत नाही.

हीच गुळगुळीत बाजू रोजच्या वापरातही कामाला येते. दोन्हीकडून लव असलेल्या फ्लीसला सॅकचे पट्टे आणि कोपरं घासली जातात तिथे लवकर गोळे येतात आणि ती जुनाट दिसायला लागते. दुसरी अडचण वासाची. पॉलिएस्टर अंगातलं तेल धरून ठेवतं, त्यामुळे घामाचा वास त्यात लवकर बसतो. चांदीचा अंश असलेली प्रक्रिया केलेली कापडं मिळतात, त्याने फरक पडतो, पण धुणं टळत नाही. मी आत पातळ मेरिनो लोकरीचा टी-शर्ट घालते, त्याने हुडी न धुता बरेच जास्त दिवस चालते.

शेकोटीपासून लांब बसा. पॉलिएस्टर साधारण 250 ते 260 अंश सेल्सिअसला वितळतं आणि एका ठिणगीने भोक पडतं.

धुताना चेन लावा, हुडी उलटी करा आणि थंड पाण्यात धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात घालू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम ओढून घेणं मंदावतं. इस्त्री नको, सावलीत वाळत टाका. प्रत्येक धुण्यात फ्लीसमधून प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू सुटून पाण्यात जातात. हे बाटल्यांपासून बनवलेल्या फ्लीसलाही लागू आहे. पॅटागोनियाने असं फ्लीस 1993 मध्येच बाजारात आणलं होतं. म्हणून गरज असेल तेव्हाच धुवा, मशीन पूर्ण भरून लावा, आणि घरात पुढून दार असलेलं मशीन असेल तर तेच वापरा, त्यात कपडा कमी घुसळला जातो. नुसता दमटपणा असेल तर रात्रभर हवेशीर जागी टांगून ठेवली तरी पुरतं.